पाच वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया झालाय हे तिला सांगायचं का? आणि कसं?

कोवळी_उन्हं

चार दिवस हा धागा लिहायला घेते आणि अर्धवट सोडून देते. आज ती लवकर झोपलीय, म्हणून लिहूनच टाकते.

माझी मुलगी पाच वर्षांची. इथे तिला चिमणी म्हणते. महिनाभर पाय दुखतात म्हणत होती, आम्हाला वाटलं वाढीचं वय आहे. मग अंगावर जांभळे डाग, हिरड्यांतून रक्त, हटता न हटणारा ताप. रक्ताचा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी अ‍ॅडमिट केलं, दोन दिवसांनी बोन मॅरो, म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बी-सेल प्रकारचा. रक्ताचा कॅन्सर. आज उपचारांचा अकरावा दिवस. इंडक्शनचा पहिला टप्पा महिनाभराचा आणि पुढचं सगळं धरून दोन-अडीच वर्षं, हे डॉक्टरांनी नीट बसून समजावलंय. त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही.

प्रश्न वेगळाच आहे. चिमणीला अजून कुणीच काही सांगितलेलं नाही. घरातली मोठी माणसं म्हणतात, "एवढ्याशा जिवाला काय सांगायचं? ताप आहे म्हणा." नवराही त्यांच्याच बाजूला झुकलाय. नऊ वर्षांचा मुलगा आजी-आजोबांजवळ आहे, त्यालाही "ताप आहे, येईल लवकर" एवढंच माहीत.

काल सिस्टर सलाइन बदलत होत्या, तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "आई, मी काय केलं होतं?" मी म्हटलं, काही नाही गं. तर म्हणाली, "मग घरी का नाही न्यायचं?" मला उत्तर देता आलं नाही. मी तिच्या उशीचा अभ्रा नीट करत राहिले.

ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी सांगा. आजाराचं नाव सांगितलंत का? कुठल्या शब्दांत? भावंडांना काय सांगितलंत?

निंबोणी

काय लिहावं कळत नाही. चिमणीला खूप खूप प्रेम. वाचते आहे.

पाऊलवाट

ताई, माझ्या मुलाला चौथ्या वर्षी हेच निदान झालं. उपचार संपून आता तीन वर्षं झाली, दुसरीत आहे.

आम्ही पहिले तीन आठवडे काही सांगितलं नाही. त्या तीन आठवड्यांत त्याने बोलणं कमी केलं. वॉर्डात कुणी आत आलं की आधी त्याच्या हाताकडे बघायचा, ट्रे आहे का म्हणून. ट्रे नसला तरी अंग चोरायचा. आम्ही सांगत नव्हतो, त्यामुळे प्रत्येक माणूस त्याच्यासाठी सुई घेऊन आलेला होता. मग एका संध्याकाळी मीच सांगितलं. नावासकट. त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि विचारलं, "आज सुई आहे?" नव्हती. "नाही" म्हटल्यावर तो त्या दिवशी पहिल्यांदा पाय पसरून झोपला. तेव्हापासून घरात नियमच झाला, सुई असली की आदल्या दिवशी सांगायचं, नसली की सकाळी उठल्याउठल्या "आज नाही" म्हणायचं.

सध्या स्टेरॉइड चालू असेल ना? मग थोडं त्याबद्दलही लिहितो, कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आमचा मुलगा रात्री अडीचला उठून "जेवायला वाढ" म्हणायचा, वाढायला दोन मिनिटं उशीर झाला की ताट ढकलून द्यायचा. गाल इतके सुजले की डोळे बारीक दिसायला लागले. जो मुलगा कधी कुणाला बोट लावत नसे तो आईला मारायचा आणि मग तिच्याच मांडीवर रडायचा. हे पोरगं बिघडलं नाही, हे औषध आहे, असं आम्ही दोघं एकमेकांना रोज सांगायचो. स्टेरॉइड कमी होत गेलं तसा आमचा मुलगा आम्हाला परत मिळत गेला.

एक वही करा. तारीख, ताप, औषध, शी झाली की नाही, काऊंट (रक्तातल्या पेशींचे आकडे). पहाटे चारला डॉक्टरांनी विचारलं की डोकं चालत नाही, वही चालते.

उंबरठा

मी थोडं वेगळं मांडतो, राग मानू नये.

माझी पुतणी आजारी होती तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. आम्ही तिला 'रक्ताचं दुखणं' म्हणून सांगितलं, कॅन्सर किंवा ल्युकेमिया हा शब्द घरात उच्चारायचाच नाही असं ठरवलं. तिला त्या शब्दाचा अर्थच लागला नसता, अर्थ आपल्याला लागतो. आपण तो शब्द उच्चारताना जो चेहरा करतो तोच पोर लक्षात ठेवतं. आई-वडिलांचा आवाज स्थिर होईपर्यंत थांबलं तर काय बिघडतं? पुतणी बरी झाली, आज बारा वर्षांची आहे. आम्ही चुकलो असं मला वाटत नाही.

रात्रपाळी

लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात चौदा वर्षं परिचारिका आहे. उंबरठा यांचं आवाज स्थिर असण्याबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर. रडत रडत सांगू नये, रडू आलं तर "मला वाईट वाटतंय म्हणून रडतेय, तुझ्यावर रागावले नाही" हे मात्र सांगावं. पण 'ताप' म्हणू नका. पुढे वर्षानुवर्षं तिला साधा ताप येईल, भावाला येईल, शाळेतल्या मैत्रिणीला येईल. प्रत्येक वेळी तिला वाटेल, आता महिनाभर हॉस्पिटल आणि केस जाणार.

मी मुलांना असं सांगते. हाडांच्या आत रक्त तयार होतं. लाल पेशी ताकद देतात, पांढऱ्या जंतूंशी लढतात, प्लेटलेट रक्त थांबवतात. तुझ्या हाडांत नीट न वाढलेल्या पेशींची फार गर्दी झालीय, म्हणून बाकीच्यांना जागाच उरली नाही. त्यामुळे तू दमतेस, डाग पडतात, पाय दुखतात. या आजाराला ल्युकेमिया म्हणतात. औषध ती गर्दी काढतंय. बस, पाच वर्षांना एवढं पुरतं.

आणि चिमणीने जे विचारलं, "मी काय केलं होतं", ते वाचून थांबले. हा प्रश्न बहुतेक मुलं मनात विचारतात, तोंडाने फार थोडी. तिने तुम्हाला दार उघडून दिलंय. तू काही केलं नाहीस, तू काही खाल्लंस म्हणून नाही, आईचं ऐकलं नाहीस म्हणून नाही, आणि तुझ्यापासून हे कुणालाच होत नाही. ही वाक्यं तिने न विचारताही पुन्हा पुन्हा म्हणा.

"दुखणार नाही" असं कधीही म्हणू नका. दुखेल, मी इथेच असेन, दहा म्हणेपर्यंत संपेल, असं म्हणा. एकदा खोटं ठरलात की पुढच्या शंभर सुया अवघड जातात.

टिपकागद

मी ती मुलगी आहे. म्हणजे होते. सहाव्या वर्षी ल्युकेमिया झाला, आज एकतीस वर्षांची आहे.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मला खेळायच्या खोलीत कळलं. माझ्याहून मोठा एक मुलगा होता, त्याने विचारलं, "तुला कुठला कॅन्सर?" मी म्हटलं, मला नाही, मला अशक्तपणा आहे. तो म्हणाला, "इथे सगळ्यांना असतो." मी खोलीत परत आले. आई स्वेटर विणत होती. मला अजून तो रंग आठवतो, पिवळा. मी तिला काही विचारलं नाही. कारण तिने मला सांगितलं नव्हतं म्हणजे ते सांगण्यासारखं नसणार, आणि मला कळलंय हे तिला कळलं तर तिला त्रास होईल, असं मला वाटलं.

सहा वर्षांची होते मी. पुढे सात-आठ महिने मी आईला सांभाळलं, आणि आई मला. रात्री दोघी जाग्या असायचो, दोघी झोपल्याचं दाखवायचो.

आई ग्रेटच होती, तिला दोष देत नाही. पण त्या रात्रींत मला तिची कुशी हवी होती आणि मी मागू शकले नाही. उंबरठा, तुमच्या पुतणीला विचारून बघा, तिला खरं कधी कळलं. कदाचित तुम्हाला वाटतं त्याच्या कितीतरी आधी.

निंबोणी

टिपकागद, पिवळ्या स्वेटरपाशी डोळे भरून आले.

उंबरठा

आत्ताच पुतणीशी फोनवर बोललो. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर औषधाच्या खोक्यावर वाचायला शिकत होती, त्यातून कळलं म्हणे. पाच वर्षांची असताना. आम्ही दहाव्या वर्षी 'सांगितलं', तेव्हा तिने आश्चर्य वाटल्याचं दाखवलं होतं, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

माझा वरचा प्रतिसाद तसाच ठेवतो, कारण तेव्हा मला तसंच वाटत होतं. पण ताई, तुम्ही सांगा तिला.

रानफूल

जरा वेगळा प्रश्न. ल्युकेमियावरचं व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध सदाफुलीपासून करतात असं वाचलं. आमच्या अंगणात भरपूर आहे. पानांचा रस पूरक म्हणून दिला तर चालतो का? माझ्या चुलत बहिणीच्या मुलाचे उपचार चालू आहेत, म्हणून विचारते.

रात्रपाळी

रानफूल, कृपा करून देऊ नका. तुमच्या बहिणीलाही आजच फोन करून सांगा.

औषध सदाफुलीतूनच मिळतं हे खरं. मूळची मादागास्करची वनस्पती. पण पानात तो घटक अगदी कणभर असतो आणि त्याच्यासोबत इतर कितीतरी विषारी द्रव्यं. त्यातून शुद्ध केलेलं व्हिन्क्रिस्टिनसुद्धा इतकं तीव्र असतं की एका वेळची मात्रा सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत आणि ते फक्त शिरेतून देतात. चुकून पाठीच्या मणक्यात गेलं तर जीव जातो, म्हणून आम्ही दोघी-दोघी मिळून नाव, औषध, मार्ग तपासतो. घरच्या रसाचं माप कोण तपासणार? कुठलंही काढा-चूर्ण, 'नैसर्गिक' म्हणून मिळणारं काहीही, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

याच औषधाने बद्धकोष्ठ होतं, जबडा दुखतो, पाऊल लुळं पडल्यासारखं होतं. चिमणी पाय ओढत चालायला लागली तर लगेच सांगा. शी झाली नाही म्हणून घरी एनिमा द्यायचा नाही, आणि ताप गुदद्वारातून मोजायचा नाही, काऊंट कमी असताना तिथून जंतू रक्तात जातात.

रानफूल

केला फोन. ती देणारच होती. मनापासून आभार.

जुना_पिंपळ

माझं वय एकाहत्तर. हा धागा दोन दिवस वाचतोय.

१९६४ साली माझी धाकटी बहीण याच आजाराने गेली. ती चार वर्षांची, मी नऊ. ती आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात मी तिला झोपाळ्यावरून ढकललं होतं. गुडघ्याला खरचटलं, दोन दिवसांनी तिथे मोठा काळा-निळा डाग आला. मग तिला कुठेतरी घेऊन गेले आणि ती आली नाही. मला कुणी काहीच बोललं नाही. मी ठरवून टाकलं की माझ्यामुळे झालं. पुढे मी शिकलो, नोकरी केली, लग्न केलं, आणि मनात तो झोपाळा तसाच. चाळीस पार केल्यावर एका डॉक्टर मित्राला सांगितलं. तो म्हणाला, अरे, डाग आजाराने आला होता, तुझ्या ढकलण्याने आजार नाही आला. एका वाक्याचं काम होतं.

तुमच्या मुलाचं वय नऊ आहे म्हणून लिहिलं. त्याला आजच सांगा.

नंतर मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेलो. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं, त्यातल्या १० मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटला. त्याआधी हटतच नव्हता. १९५३ मध्ये गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांचं मर्कॅप्टोप्युरिन हे औषध आलं, ते आजही चिमणीला पुढे गोळी म्हणून मिळेल. पण एकेका औषधाने आजार परत यायचा. १९६२ पासून डोनाल्ड पिंकेल यांनी मेम्फिसला सगळी औषधं एकत्र आणि मेंदू-मणक्यापर्यंत पोचणारे उपचार असं सुरू केलं. पाठीत जी सुई देतात ती त्यातूनच आली, कारण गोळ्या-सलाइन मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेसं पोचत नाहीत आणि पेशी तिथे लपतात. माझ्या बहिणीच्या वेळी हे सगळं नुकतं सुरू होत होतं, आमच्यापर्यंत पोचलं नाही. आज जिथे पूर्ण उपचार मिळतात तिथे दहांपैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात. हा आकडा वाचला त्या दिवशी मी खूप वेळ खिडकीत बसून होतो. आनंदच झाला.

मधली_सुट्टी

जुना_पिंपळ काका, तुम्हाला नमस्कार. मी पण 'घरी राहिलेलं' भावंड. भाऊ आजारी, मी दहा वर्षांची.

मला सांगितलं होतं, सगळं. तरी मत्सर वाटायचाच. त्याला रोज नवीन खेळणं, मला रोज नवीन शेजारी. मग मत्सर वाटला म्हणून स्वतःची घृणा यायची. एकदा बाबांनी मला एकटीलाच बागेत नेलं आणि म्हणाले, "तुला राग येत असेल तर मला सांग, मलाही येतो." तेवढ्याने मी तीन महिने काढले.

ताई, मुलाला एक खरं काम द्या. मला थर्मामीटरचं काम होतं. भाऊ घरी असताना ताप मी मोजायचे आणि वहीत लिहायचे. आणि शाळेत कांजिण्यांची साथ आली तर लगेच डॉक्टरांना सांगायचं हेही माझ्याकडेच होतं. एकदा माझ्या बाकावरच्या मुलीला निघाल्या, मी मधल्या सुट्टीतच बाईंकडून घरी फोन लावला. भावाला वेळेत औषध मिळालं. त्या दिवशी घरात सगळे माझ्याबद्दल बोलत होते.

पाऊलवाट

थर्मामीटरचा विषय निघालाय तर हे वाचाच. सुट्टी मिळून घरी गेल्यावर ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसलं की फोन करायचा आणि निघायचं. रात्र असो, पाऊस असो. आम्ही एकदा "पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू" केलं. चार तास. पोचलो तेव्हा मुलाचे हात गार पडले होते आणि तो आमच्याकडे बघत नव्हता. पाच दिवस अतिदक्षता विभागात होता. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली असताना जंतूंना अडवणारं शरीरात जवळजवळ कुणी नसतं. बॅग भरून दारापाशी ठेवा. ती चार तासांची चूक मी कुणाच्याही वाट्याला येऊ देणार नाही.

रात्रपाळी

पाऊलवाट, हे लिहिलंत फार बरं केलंत. आम्ही पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायला बघतो, पण पोचायचं तुमच्या हातात. आणि पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो, म्हणून आधी फोन.

निंबोणी

माझ्या ओळखीत कुणी नाही, पण मदत करावीशी वाटते. भेटायला जावं का अशा घरी?

पाऊलवाट

वॉर्डात नको. एक सर्दी घेऊन गेलात तरी महागात पडतं. प्लेटलेट द्या. त्या फक्त पाच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून दाते सतत लागतात. आमच्या एका मित्राने रक्तगट, फोन, शेवटचं दान कधी, अशी यादी सांभाळली. मला एकदाही कुणाला फोन करावा लागला नाही. दुसऱ्याने मोठ्या मुलीला शाळेतून आणायचं घेतलं. "काही लागलं तर सांग" म्हणणारे खूप होते, न विचारता करणारे हे दोघं.

झुळूक

लिहू की नको असं झालं होतं. आमचा मुलगा राहिला नाही. दुसऱ्यांदा उलटला आजार. कोवळी_उन्हं, तुम्ही हे तुमच्या चिमणीबद्दल वाचू नका, तिची वाट वेगळी आहे, सुरुवातीलाच आहे.

फक्त तुमच्या प्रश्नापुरतं. आम्ही त्याला पहिल्या दिवसापासून सगळं सांगत होतो. त्यामुळे शेवटी त्याला जे विचारायचं होतं ते त्याने मला विचारलं. दुसऱ्या कुणाला नाही, एकट्याने नाही. मला मागे वळून बघताना पुष्कळ गोष्टींचं वाईट वाटतं. याचं नाही.

टिपकागद

झुळूक, तुम्ही लिहिलंत. मनापासून आभार.

मधली_सुट्टी

झुळूक, तुमच्या मुलाबद्दल कधी लिहावंसं वाटलं तर लिहा. आम्ही वाचू.

कोवळी_उन्हं

चार दिवसांनी येते आहे. सगळे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. पिवळ्या स्वेटरपाशी तो उठून गॅलरीत गेला. परत आला तो "आज सांगू" म्हणत. झुळूक, तुमचं मी दोनदा वाचलं. तुमच्या मुलाला माझ्याकडून पापा.

आधी मुलाला बोलावलं, हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर. जुना_पिंपळ काका, मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "मी तिचं पेन्सिलींचं खोकं लपवलं होतं म्हणून ती खूप रडली होती. त्याने होतं का?" मी सांगितलं, नाही. पुन्हा सांगितलं. मग त्याने विचारलं, "नक्की?" बाबांनी सांगितलं, नक्की. त्याने बाकावर पाय घेतले आणि बराच वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसला. वहीचं काम त्याने घेतलंय. रोज संध्याकाळी फोनवर आकडे सांगायचे आणि त्याने लिहायचे.

मग चिमणी. रात्रपाळी ताईंचेच शब्द वापरले, हाडातली गर्दी वगैरे. तिने ऐकलं. "ल्यु-के-मि-या" असं तोडून म्हटलं आणि हसली, म्हणाली हे तर राणीचं नाव वाटतं. मग विचारलं, "दादाला होईल?" नाही. "तुला?" नाही. "केस जाणार?" हो, थोड्या दिवसांनी, आणि मग परत येतील. "सलाइनच्या स्टँडचे पण?" आम्ही तिघं हसलो. किती दिवसांनी.

तू काहीही केलं नव्हतंस, हे मी तिला शेवटी सांगितलं. ती काही बोलली नाही. रात्री दिवा घालवल्यावर अंधारात म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. झोप लागेपर्यंत पाच-सहा वेळा सांगितलं असेल.

आता एक विचारायचंय. उद्या सकाळी पाठीतली सुई आहे, तिला आज सांगितलंय. बधिर करायचं क्रीम किती आधी लावायचं? तिने विचारलंय आणि मी "विचारून सांगते" म्हटलंय.

रात्रपाळी

तासभर आधी, जाडसर थर, वरून पारदर्शक पट्टी. नक्की कुठे लावायचं ते सकाळच्या सिस्टरला खूण करून द्यायला सांगा. पट्टी काढायचं काम चिमणीला स्वतःला करू द्या, एका कोपऱ्यापासून, हळूहळू.